जुना ट्रक चढाला ओढत नाही, ॲव्हरेजही पडले आहे : पंप आणि नोझलचे काम करूनही फरक नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे दोन एक्सलचा, भरलेल्या अवस्थेत १६ टन वजनाचा एक जुना ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) असलेले, पण डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे इनलाइन. कॉमन रेल (जास्त दाबाची नवी डिझेल पद्धत) किंवा कोणताही इलेक्ट्रॉनिक कंट्रोल नाही, त्यामुळे स्कॅनर लावून दोष वाचण्याची सोय नाही. गाडीने ७ लाख किलोमीटर ओलांडले आहेत. साडेचार लाखांच्या सुमारास हेड उतरवले होते. त्यानंतर इंजिन उघडलेले नाही.

गेल्या आठ महिन्यांत गाडीचा दम हळूहळू गेला. जो चढ ती भरलेली असताना चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ किलोमीटरने चढत असे, तिथे आता तिसरा टाकावा लागतो आणि वेग २२ च्या वर जात नाही. ॲव्हरेज ५.२ होते ते ४.५ वर आले. वर्कशॉपमध्ये दाखवल्यावर पंप आणि नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकांचे) काम सांगितले गेले, म्हणून दोन महिन्यांपूर्वी पंप कॅलिब्रेट केला आणि सहाही नोझल नवे टाकले. त्यानंतर पिकअप किंचित सुधारल्यासारखा वाटला, परंतु पूर्वी कधीही न दिसणारा काळा धूर भार पडताच येऊ लागला आणि ॲव्हरेज ४.५ वरून ४.१ वर घसरले. आता तेच वर्कशॉप सांगते की इंजिन झिजले आहे, लायनर-पिस्टन बदलावे लागतील.

थंड इंजिन सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. ऑइल अडीच हजार किलोमीटरला साधारण एक लिटर टॉप-अप करावे लागते, आणि हे प्रमाण गेल्या दोन वर्षांत वाढलेले नाही. इंजिन उघडण्यापूर्वी काय काय तपासून घ्यावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वर्कशॉप फोरमन

इंजिन अजिबात उघडू नका. झिजलेले डिझेल इंजिन सकाळी थंडीत अर्ध्या सेल्फवर उठत नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटते, आणि रिंगा व लायनर गेले असतील तर सगळ्यात आधी तक्रार येते ती थंड इंजिन सुरू करताना. तुमचे ऑइलही वाढीव जळत नाही. मनाची खात्री करून घ्यायची असेल तर इंजिन तापल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावरच सैल ठेवा. ते नुसते थरथरत राहिले तर चिंता नाही; उडून पडत असेल आणि तोंडातून धुराचा झोत येत असेल तर मग कॉम्प्रेशन गेज लावण्याची वेळ आली असे समजा.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. पंपाच्या कामानंतर पिकअप थोडा वाढला, काळा धूर नव्याने सुरू झाला आणि ॲव्हरेज आणखी पडले. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा त्याचा सरळ अर्थ असा असतो की पंपावर डिझेलचे प्रमाण वाढवून दिले आहे. गाडीत दम नाही अशी तक्रार ऐकली की फुल लोडचा स्क्रू (पूर्ण भाराला किती डिझेल सोडायचे ते ठरवणारा) थोडा आत घ्यायचा, ही पुष्कळ ठिकाणची सवय आहे, आणि गिऱ्हाईक पहिल्या दिवशी खूशही होते. पण इंजिनाला कमी पडत होती ती हवा असेल, तर वाढवलेले डिझेल जळत नाही. त्याचा काही भाग काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि एक्झॉस्टचे तापमान इतके वाढते की पिस्टनच्या डोक्याला आणि टर्बोला धोका पोहोचतो.

हवेचा हिशेब एकदा मनात बसला की पुढचे सगळे सोपे होते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेल सुमारे ०.८४ किलो भरते, म्हणजे लिटरमागे १२ किलो हवा, आणि आकारमानात मोजली तर जवळपास १० घनमीटर. एका लिटरसाठी एक छोटी खोली भरेल इतकी हवा इंजिनाला ओढून घ्यावी लागते, आणि हा झाला निव्वळ हिशेब. प्रत्यक्षात हवा आणि डिझेल पूर्णपणे मिसळत नसल्यामुळे धूर न येता जळण होण्यासाठी याहून बरीच जास्त हवा हवी असते. त्या वाटेवर कुठेही अडथळा आला किंवा गळती झाली की दम आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम जातात. तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र आल्या आहेत, म्हणून मी आधी हवेची वाट धरीन : एअर फिल्टर, त्यापासून टर्बोपर्यंतचा होज, टर्बो, इंटरकूलर आणि त्याचे दोन्ही होज, मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणारा पाइप). त्याच वाटेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे एक्झॉस्ट, कारण जुनी हवा बाहेर गेली नाही तर नवी आत येत नाही.

फिल्टर डोळ्यांनी स्वच्छ दिसतो म्हणून सोडून देऊ नका. एअर क्लीनरवरचा अडथळा दाखवणारा इंडिकेटर शाबूत असेल तर तो पाहा. बहुतेक ट्रक इंजिनांत अडथळा ६ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या स्तंभात सुमारे ६० सेंटिमीटर झाला की तो लाल होतो. इंडिकेटर तुटलेला असेल तर त्याच भोकाला पारदर्शक नळी जोडून ती यू आकारात वाकवा, तिच्यात पाणी भरा आणि पूर्ण भाराखाली दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजा.

यानंतर बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, मोजा. मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावरील डायफ्रामकडे जाणारी बारीक नळी असते. तिच्यात टी जोडून एक लांब नळी केबिनपर्यंत आणा आणि साधे प्रेशर गेज लावा. गाडी भरलेली असताना, चढावर, चौथ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून आठ-दहा सेकंद आकडा वाचा. उभ्या गाडीत रेस देऊन काही कळत नाही, कारण भार नसताना टर्बोला फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच तयार होत नाही. अशा इंजिनांत पूर्ण भाराखाली साधारण १ बार बूस्ट मिळायला हवा. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत मिळेल. तो आकडा इथे कळवा, मग पुढचे बोलू.

उत्तर : डिझेल पंपाचे काम करणारा

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पंपाचे काम झाल्यानंतर धूर सुरू झाला असेल तर केवळ फुल लोडच्या स्क्रूला दोष देऊन थांबू नये, असे मला अनुभवावरून वाटते. कॅलिब्रेशन यंत्रावर झालेले असते. पंप गाडीवर चढवताना होणाऱ्या चुका यंत्र दाखवत नाही. त्यांपैकी दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत.

पहिली टायमिंगची, म्हणजे डिझेल नेमके कधी फवारले जाते त्याची. पंप बसवताना ते दोन-तीन अंशांनी मागे राहिले तर डिझेल उशिरा पडते, जळण्याला पुरेसा वेळ मिळत नाही आणि जी उष्णता पिस्टनला ढकलायची ती एक्झॉस्टमध्ये जाते. धूर, गरमी, दम नसणे, ॲव्हरेज पडणे ही सगळी लक्षणे त्यात येतात. पहिल्या सिलिंडरच्या स्पिलवरून (पंपातून येणारे डिझेल थांबते तो क्षण पाहून) टायमिंग पुन्हा तपासून घ्या. फ्लँजवरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका, कारण ती खूण पूर्वी कोणी छिन्नीने मारलेली असू शकते.

दुसरी चूक तांब्याच्या वॉशरची. इंजेक्टर (नोझल बसवलेला भाग) काढताना जुना वॉशर हेडमधल्या भोकात चिकटून राहतो, काजळीमुळे दिसत नाही, आणि त्यावरच नवा बसवला जातो. दोन वॉशर झाले की नोझलचे टोक तेवढे वर राहते, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेला आदळतो, आणि त्या एका सिलिंडरमधून धूर येतो. बॅटरी लावून प्रत्येक भोकात वाकून पाहणे आणि वायरच्या आकड्याने तळ खरवडून पाहणे एवढेच यासाठी लागते.

कोणता सिलिंडर बिघडला आहे हे शोधायचे असेल तर इंजिन आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरला येणाऱ्या डिझेलच्या नळीचा नट किंचित सैल करा. निरोगी सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिन लगेच लंगडते. ज्याचा नट सोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हात आणि डोळे दूर ठेवा, हातमोजे व चष्मा घाला. हा मजकूर वाचणाऱ्या इतरांसाठी आवर्जून लिहितो की कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे असतो आणि तो झोत कातडी भेदून शरीरात शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास हात गमवावा लागू शकतो.

धुराच्या रंगावरून काही गोष्टी तुम्ही आत्ताच वगळू शकता. पंपाच्या डोक्यावरचा डायफ्राम फाटला असता तर बूस्टबरोबर वाढणारे डिझेल मिळाले नसते आणि गाडी धूर न मारताच मंद झाली असती. डिझेल फिल्टर चोंदणे, फीड पंप कमजोर होणे, टाकीतील जाळी भरणे, सक्शनच्या नळीने एअर धरणे, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद होणे यांतही असेच होते : इंजिन उपाशी राहते, पण काळा धूर येत नाही. तुमची गाडी उपाशी नाही. तिला जळेल त्यापेक्षा जास्त डिझेल मिळते आहे. त्यामुळे डिझेल पुरवठ्याची बाजू तुम्ही यादीत सर्वांत शेवटी ठेवली तरी चालेल.

उत्तर : चालक-मालक, २२ वर्षे

इंजिनाबद्दल वरच्या दोघांनी सांगितलेच आहे. मी इंजिनाबाहेरच्या गोष्टींबद्दल लिहितो, कारण माझ्या स्वतःच्या गाडीचे चार महिने याच चुकीत गेले. मी दोनदा नोझल तपासून घेतले, आणि शेवटी दोष निघाला मागच्या उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये. कॅम शाफ्ट बुशमध्ये गंजून धरत होता, त्यामुळे पेडल सोडले तरी ब्रेकचा लायनर ड्रमला घासत राहायचा. बिचारे इंजिन ठीक होते. ते दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झुंजत होते.

पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यानंतर, शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता सपाटीवर गाडी थांबवा आणि चारही टोकांच्या ड्रमचे तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर ड्रमजवळ नुसता तळहात नेला तरी फरक समजतो, मात्र स्पर्श करू नका. चारांपैकी एक जास्त गरम असेल तर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधले अंतर जुळवणारा लिव्हर), कॅम आणि स्प्रिंग तिथेच पाहा.

आणखी दोन गोष्टी. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का, ते पाहा. जुन्या गाडीचे इंजिन कधीतरी तापते, कोणीतरी रस्त्यातच थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि तो परत कधीच बसत नाही. मग ८० अंशांच्या वर चालायला हवे ते इंजिन सपाटीवर ६० अंशांवर चालते, ऑइल घट्ट राहते, थंड भिंतींवर डिझेल नीट जळत नाही, आणि चालकाला वाटते की काटा खाली आहे म्हणजे सगळे छान आहे. दुसरा रेडिएटरचा पंखा. व्हिस्कस कपलिंग (गरजेपुरताच पंखा जोरात फिरवणारा जोड) जॅम झाले की पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. सकाळी सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांनंतरही पंख्याची घरघर कमी होत नसेल तर कपलिंग पाहा.

ॲव्हरेज मोजताना टाकी गळ्यापर्यंत भरून पुन्हा गळ्यापर्यंत भरणे हीच पद्धत ठेवा, आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. शिवाय किलोमीटरऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर असा हिशेब करून पाहा. ५.२ म्हणजे १९.२ लिटर आणि ४.१ म्हणजे २४.४ लिटर. गाडी दर शंभर किलोमीटरला ५ लिटरपेक्षा जास्त डिझेल वाया घालवते आहे, असे म्हटले की दोष किती मोठा शोधायचा आहे ते समजते. एवढी मोठी तफावत पुष्कळदा दोन-तीन दोष मिळून होते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. या बारा दिवसांत जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

ऑइलचे झाकण तोंडावर ठेवले, ते नुसते थरथरले. सहाही भोकांत एकेकच वॉशर निघाला. टायमिंग स्पिलवर तपासले, ते पुस्तिकेप्रमाणे आहे. एअर फिल्टरचा अडथळा पाण्याच्या नळीने मोजला, तो ३० सेंटिमीटरच्या आतच भरला. बूस्ट मात्र चढावर ०.५५ बारच्या वर गेलाच नाही, आणि पुस्तिकेत १.१ लिहिले आहे.

म्हणून इंटरकूलरची दोन्ही तोंडे बंद करून, रेग्युलेटरने दीड बार हवा भरून साबणाचे पाणी मारले. बंद केलेली बुचे साखळीने बांधून घेतली होती. इंटरकूलर निर्दोष निघाला. पण टर्बोकडून त्याच्याकडे येणारा होज काढताना त्याच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर सापडली. वरून पाहिले तर होज नवा वाटावा असा. खाली मात्र चिरीभोवती तेलकट काळा पट्टा चेसीपर्यंत ओघळला होता. मी ती जागा गेली दोन वर्षे दर सर्व्हिसिंगला पुसत होतो आणि टर्बो थोडे तेल टाकतो असे समजत होतो. होज बदलला, बूस्ट ०.८ झाला. सुधारणा झाली, पण पुरेशी नव्हती.

मग एक्झॉस्टकडे वळलो. एक्झॉस्ट ब्रेकचा (एक्झॉस्ट अडवून उतारावर वेग कमी करणाऱ्या ब्रेकचा) फ्लॅप टर्बोच्या मागे पाइपमध्ये आहे. त्याच्या लिव्हरला हात लावला तेव्हा तो स्टॉपरपासून अंगठ्याच्या रुंदीएवढा अलीकडेच थांबलेला होता. हाताने जोर लावून ओढला तेव्हा करकर आवाज करत स्टॉपरपर्यंत गेला, आणि सोडल्यावर तिथेच राहिला. उघडून पाहिले तर स्पिंडलवर काजळीचा दगडासारखा थर आणि परत आणणारी स्प्रिंग ताण नसलेली. म्हणजे गेले कित्येक महिने मी एक्झॉस्ट ब्रेक अर्धवट लावून गाडी चढावर चढवत होतो. स्पिंडल साफ केला, स्प्रिंग नवी टाकली. आता त्याच चढावर बूस्ट १.०५ मिळतो.

धूर बराच कमी झाला आहे, तरीही पेडल पूर्ण दाबले की दिसतो. मागच्या डाव्या ड्रमचे तापमान इतर तिघांपेक्षा ३० अंशांनी जास्त आढळले. थर्मोस्टॅट जागेवर आहे आणि काटा ८२ ला स्थिर राहतो.

उत्तर : वर्कशॉप फोरमन

फ्लॅप पाइपमध्ये आडवा राहिला की टर्बाइनच्या (टर्बोतल्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) मागे दाब साठतो, टर्बाइनच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक कमी होतो आणि टर्बो फिरायचा तेवढा फिरत नाही. म्हणून एक्झॉस्टमधला दोष तुम्हाला हवेच्या गेजवर दिसला. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदललीत आणि प्रत्येक वेळी आकडा वाचलात, त्यामुळे कोणत्या दोषाने किती नुकसान केले हे आज तुमच्यासमोर आहे.

हवा पूर्ण मिळत असतानाही धूर उरला आहे, याचा अर्थ पंपावर वाढवलेले डिझेल अजून तसेच आहे. पंप उतरवून यंत्रावर चढवा आणि पुस्तिकेतील मूळ आकड्यांवर आणून घ्या. पंपाचे काम करणाऱ्याला मूळ आकडेच हवेत असे स्पष्ट सांगा आणि कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या. गाडीवरच स्क्रू अंदाजाने मागे घेऊ नका, कारण सहाही सिलिंडरना सारखे डिझेल मिळते की नाही ते गाडीवर कळत नाही. मागच्या डाव्या ब्रेकचे काम त्याच दिवशी करून टाका. घासणारा ब्रेक हा फक्त ॲव्हरेजचा प्रश्न नाही, लांब उतारावर तो ड्रम तापून पकड सोडतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

पंप मूळ आकड्यांवर आणला. प्रत्येक सिलिंडरचे डिझेल मापापेक्षा बरेच जास्त सोडलेले होते, हे यंत्रावर स्पष्ट दिसले. डाव्या ब्रेकमध्ये कॅमचे बुश आणि परतीची स्प्रिंग बदलली. आता चारही ड्रम जवळजवळ सारखेच तापतात. तो चढ गाडी भरलेली असताना चौथ्या गिअरमध्ये ताशी ३४ ने चढते आणि आरशात धूर दिसत नाही. सलग तीन टाक्यांचे ॲव्हरेज ५.० आले आहे. ५.२ होण्यासाठी आणखी काही राहिले असेल का? नोझलचा दाब पुन्हा एकदा तपासून घ्यावा का?

उत्तर : चालक-मालक, २२ वर्षे

नोझलला हात लावण्याआधी एक सांगा : गेल्या वर्षभरात टायर बदललेत का?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

हो, पाच महिन्यांपूर्वी सहाही नवे टाकले. आधीचे जवळजवळ गुळगुळीत झाले होते.

उत्तर : चालक-मालक, २२ वर्षे

मग हिशेब तिथेच आहे. नव्या टायरचा व्यास १०५० मिलिमीटर धरा. १२ मिलिमीटर रबर झिजले की व्यास दोन्ही बाजूंनी मिळून २४ मिलिमीटरने घटतो, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्त. लहान चाक तेवढ्याच रस्त्यावर जास्त फेरे घेते आणि मीटर ते फेरेच मोजतो, म्हणून झिजलेल्या टायरवर मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत होता. तुमचे जुने ५.२ खरे म्हणजे ५.०८ च्या आसपास होते. शिवाय नवे, खोल नक्षीचे टायर झिजलेल्या टायरपेक्षा थोडे जड फिरतात. तेव्हा ५.० मध्ये आता शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही. टायर थंड असताना सहाही चाकांतली हवा मोजा, मागच्या जोडीतल्या आतल्या चाकांची विशेष करून, कारण तिथे हात पोहोचत नाही म्हणून सगळे ती सोडून देतात.